कल्चरचा रिपोर्ट परवा का मिळतो? लॅबमध्ये जिवाणू ओळखतात तरी कसे?

२०२५च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी या भागांत जीबीएसचे (गिलियन-बारे सिंड्रोम, हातापायांतली ताकद घालवणारा मज्जातंतूंचा आजार) रुग्ण एकामागून एक सापडू लागले आणि ‘कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी’ हे अवघड नाव पुण्यात घरोघरी पोचलं. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत हा जिवाणू, तर काहींच्या नमुन्यांत नोरोव्हायरस हा विषाणू सापडल्याचं एनआयव्हीच्या (राष्ट्रीय विषाणू संस्था) तपासणीतून समोर आलं. जिवाणूचं नाव कळायला दिवस का जावे लागतात, एकाचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आणि तशीच लक्षणं असलेल्या दुसऱ्याचा निगेटिव्ह कसा येतो, हे प्रश्न साथीतच पडतात असं नाही. घरात कुणाचं युरीन कल्चर सांगितलं की तेच प्रश्न पुन्हा उभे राहतात.

उत्तर लॅबच्या कामात आहे, आणि लॅबचं काम नमुन्याच्या डबीपासून सुरू होतं. डबीत जे आलं, आणि फॉर्मवर जे लिहिलं, त्याच्या पलीकडचं उत्तर कोणतीही लॅब देऊ शकत नाही.

सरळ सूक्ष्मदर्शकातून पाहिलं तर?

पाहतात, पण नाव कळत नाही. ई. कोलाय हा जिवाणू साधारण दोन मायक्रॉन लांब असतो. एका मिलिमीटरमध्ये असे पाचशे मावतील. रंगवून, हजारपट मोठं करून पाहिलं तरी ई. कोलाय, टायफॉइडचा साल्मोनेला आणि जुलाबाचा शिगेला हे तिघेही गुलाबी काड्यांसारखे दिसतात. दिसण्यात फरक नाही, फरक आहे तो काय खातात आणि खाऊन काय बनवतात यात. म्हणून त्यांना आधी वाढवावं लागतं. या वाढवण्यालाच कल्चर म्हणतात.

घरी विरजण लावतो तेव्हा हेच घडतं. दूध हे खाद्य, कोमट ऊब हे तापमान, आणि वाट पाहण्याला पर्याय नाही. लॅबमध्ये दुधाच्या जागी असतं माध्यम, म्हणजे जिवाणूंचं खाद्य मिसळलेली घट्ट जेली. ही जेली अगारची असते. किराणा दुकानात चायना ग्रास म्हणून मिळणारा, समुद्री शेवाळापासून काढलेला हाच पदार्थ. १८८०च्या दशकात रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत जिलेटिन वापरत, पण ते ३७ अंशांना वितळायचं आणि काही जिवाणू ते पचवूनही टाकायचे. तिथे काम करणाऱ्या वॉल्टर हेसे यांच्या पत्नी फॅनी हेसे यांनी अगार सुचवलं. एकदा घट्ट झालेलं अगार पुन्हा वितळायला ८५ अंशांच्या वर जावं लागतं, त्यामुळे ते शरीराच्या तापमानाला ठेवता येतं. आजही जगभर तेच वापरात आहे.

पोषक माध्यमात ई. कोलाय साधारण २० मिनिटांत दुप्पट होतो. एका पेशीच्या आठ तासांत हिशेबाने दीड कोटीहून जास्त पेशी होतात. सुरुवातीचा स्थिरावण्याचा वेळ धरला, तर डोळ्यांना दिसेल असा ठिपका उमटायला १८ ते २४ तास लागतात. या ठिपक्याला कॉलनी म्हणतात. एका कॉलनीतल्या साऱ्या पेशी बहुतेक वेळा एकाच पेशीची वंशावळ असतात, म्हणून पुढच्या चाचण्या कॉलनीवर करतात. आलेल्या नमुन्यावर त्या थेट करून चालत नाही, कारण त्यात अनेक जिवाणूंची सरमिसळ असू शकते.

नमुना बिघडतो कुठे?

घरातून लॅबपर्यंतच्या वाटेवर. मला हा भाग सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण यातली एकही चूक लॅबला नंतर सुधारता येत नाही.

लघवीचं उदाहरण घ्या. जागा पाण्याने धुऊन, पहिली धार सोडून, मधली धार लॅबने दिलेल्या निर्जंतुक डबीत धरायची. घरची धुतलेली बाटली चालत नाही. पहिली धार सोडायची कारण मूत्रमार्गाच्या तोंडाशी असलेले त्वचेवरचे जिवाणू तिच्याबरोबर वाहून जातात. डबी दोन तासांत लॅबमध्ये पोचावी. जमणार नसेल तर चार अंशांच्या आसपास फ्रिजमध्ये ठेवावी, तीही २४ तासांच्या आतच. लॅबमध्ये एक मायक्रोलिटर, म्हणजे मिलिलिटरचा हजारावा भाग, मावेल अशा मापाच्या लूपने, म्हणजे टोकाला कडी असलेल्या तारेने, लघवी प्लेटवर, म्हणजे अगारच्या बशीवर, पसरवतात. शंभर कॉलन्या आल्या तर दर मिलिलिटरला एक लाख जिवाणू. हा एक लाखाचा आकडा संसर्गाची खूण म्हणून वापरला जातो. आता समजा, डबीत दर मिलिलिटरला दोनच हजार जिवाणू होते, डबी एप्रिलच्या उन्हात स्कूटरच्या डिकीत राहिली आणि जिवाणू दर अर्ध्या तासाला दुप्पट झाले. तीन तासांत ते ६४ पट होतील, म्हणजे सव्वा लाखाच्या पुढे. नसलेला संसर्ग रिपोर्टवर उमटेल आणि माणूस विनाकारण अँटिबायोटिक घेईल.

एक लाखाचा आकडाही आंधळेपणाने वापरायचा नसतो. जळजळ होत असलेल्या बाईच्या लघवीत हजारभर ई. कोलायही अर्थपूर्ण असू शकतात. उलट लक्षणं नसलेल्या वृद्धाच्या लघवीत लाखभर सापडले तरी बहुतेक वेळा औषध लागत नाही. गरोदर बाईचं मात्र वेगळं: लक्षणं नसली तरी तिच्यावर उपचार करतात. म्हणून फॉर्मवर लक्षणं आणि गरोदरपण लिहिणं गरजेचं आहे.

रक्ताच्या कल्चरला प्रमाण महत्त्वाचं. मोठ्या माणसाच्या प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिलिलिटर रक्त हवं आणि शक्यतो दोन वेगवेगळ्या जागांहून घेतलेलं, कारण रक्तात जिवाणू फार विरळ असतात, कधी कधी मिलिलिटरला एकाहूनही कमी. दोन-तीन मिलिलिटर घेऊन आलेला निगेटिव्ह रिपोर्ट फारसं काही सांगत नाही. कातडीवर लावलेलं जंतुनाशक पूर्ण वाळू द्यावं लागतं, नाहीतर त्वचेवरचा स्टॅफिलोकॉकस सुईबरोबर बाटलीत जातो. लघवीच्या उलट, रक्ताची बाटली आणि मेंदूज्वराच्या शंकेने काढलेलं पाठीच्या मणक्यातलं पाणी फ्रिजमध्ये कधीच ठेवायचं नाही. थंडीने काही नाजूक जिवाणू मरतात.

बेडका म्हणजे खोकून छातीतून काढलेला कफ, तोंडातली थुंकी नव्हे. लॅब आधी सूक्ष्मदर्शकाखाली मोजते: कमी भिंगात एका नजरेत तोंडाच्या आतल्या चपट्या पेशी १०पेक्षा कमी आणि पांढऱ्या पेशी २५पेक्षा जास्त असतील तर नमुना उत्तम. तसं नसेल तर ‘पुन्हा पाठवा’ म्हणून परत येतो. रुग्णाला याचा राग येतो. पण थुंकीवर कल्चर केलं तर रिपोर्टवर तोंडातल्या निरुपद्रवी जिवाणूंचीच नावं येतील, तेव्हा परत पाठवणारी लॅब तिचं काम नीट करते आहे.

आणि सगळ्यांत शेवटी, पण सगळ्यांत जास्त नडणारं: अँटिबायोटिकचा पहिला डोस घेण्याआधी नमुना द्यावा. मेडिकलमधून आणलेल्या दोन गोळ्याही कल्चर कोरं करायला पुरतात, आणि तरीही आजार बरा होईलच असं नाही. गंभीर रुग्णात मात्र कल्चरसाठी औषध ताटकळत ठेवायचं नसतं. रक्त काढायला काही मिनिटं लागतात, ते काढून लगेच औषध सुरू करतात.

पहिल्या तासात काय कळतं?

ग्रॅम स्टेन. १८८४ साली हान्स ख्रिश्चन ग्रॅम यांनी शोधलेली ही पद्धत आजही पहिली पायरी आहे. काचपट्टीवर नमुन्याचा पातळ थर, तो वाळवून ज्योतीवरून फिरवायचा, एक मिनिट क्रिस्टल व्हायोलेट, पाणी, एक मिनिट आयोडीन, पाणी, मग काही सेकंद अल्कोहोल किंवा अ‍ॅसिटोन, लगेच पाणी, आणि शेवटी अर्धा ते एक मिनिट लाल सॅफ्रानिन. ज्यांची पेशीभित्तिका जाड ते जांभळे राहतात, त्यांना ग्रॅम पॉझिटिव्ह म्हणतात. ज्यांची पातळ त्यांचा जांभळा रंग धुऊन जातो आणि ते गुलाबी दिसतात, ते ग्रॅम निगेटिव्ह.

सगळी मेख अल्कोहोलच्या त्या काही सेकंदांत आहे. जास्त वेळ झाला तर जांभळेही गुलाबी होतात, कमी झाला किंवा थर जाड असला तर गुलाबीही जांभळे राहतात. शिळ्या कॉलनीतले ग्रॅम पॉझिटिव्हही गुलाबी दिसू शकतात. म्हणून चांगल्या लॅबमध्ये माहीत असलेले दोन जिवाणू त्याच दिवशी त्याच रंगांनी रंगवून तपासतात.

रंग आणि आकार मिळून बरंच सांगतात. जांभळे गोल घोसात असतील तर स्टॅफिलोकॉकस, साखळीत असतील तर स्ट्रेप्टोकॉकस. मणक्याच्या पाण्यात पांढऱ्या पेशींच्या आत गुलाबी गोल जोड्या दिसल्या तर मेनिंगोकॉकस या मेंदूज्वराच्या जिवाणूची दाट शंका. असा निकाल लॅब फोनवर कळवते, छापील कागदाची वाट पाहत नाही.

रात्रभर प्लेटवर काय चालतं?

नमुना एकाच वेळी दोन-तीन प्लेटवर लावतात. ब्लड अगारमध्ये साधारण पाच टक्के मेंढीचं रक्त असतं. घसादुखीचा स्ट्रेप्टोकॉकस पायोजेनिस त्यातल्या लाल पेशी पूर्ण फोडतो आणि कॉलनीभोवती पारदर्शक कडं पडतं. न्यूमोनियाचा स्ट्रेप्टोकॉकस अर्धवट फोडतो, तिथे हिरवट छटा येते. मॅकॉन्की अगारमध्ये पित्ताचे क्षार असतात, ते बहुतेक ग्रॅम पॉझिटिव्ह जिवाणूंना वाढू देत नाहीत. शिवाय लॅक्टोज ही दुधातली साखर आणि आम्ल झालं की रंग बदलणारं द्रव्य असतं. ई. कोलाय आणि क्लेब्सिएला लॅक्टोज खाऊन आम्ल करतात, त्यांच्या कॉलन्या गुलाबी. साल्मोनेला आणि शिगेला खात नाहीत, त्यांच्या बिनरंगी. प्लेटवर माध्यमातलं काय खाल्लं गेलं याचं उत्तर रंगाने मिळतं, हीच पुढच्या सगळ्या चाचण्यांची युक्ती आहे.

दुसऱ्या दिवशी नाव कसं ठरतं?

गोल जांभळे असतील तर कॅटलेज चाचणी: काचेवर कॉलनीचा कण आणि तीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब. लगेच बुडबुडे आले तर स्टॅफिलोकॉकस, नाही आले तर स्ट्रेप्टोकॉकस. ब्लड अगारवरून कॉलनी उचलताना खालचं रक्त आलं तर तेही बुडबुडे देतं, कारण लाल पेशींत कॅटलेज असतंच. नवख्या हाताने ही चूक सहज होते. मग कोअ‍ॅग्युलेज: सशाच्या प्लाझ्मात जिवाणू घालून ३७ अंशांना ठेवायचे, गुठळी झाली तर स्टॅफिलोकॉकस ऑरियस. चार तासांनी पाहावंच लागतं, कारण काही जिवाणू स्वतः केलेली गुठळी रात्रीतून विरघळवतात आणि सकाळी पाहणारा ‘निगेटिव्ह’ लिहून मोकळा होतो.

गुलाबी काड्या असतील तर ऑक्सिडेज: कागदावर कॉलनी घासून दहा सेकंदांत गर्द जांभळा रंग आला तर स्यूडोमोनास किंवा व्हिब्रिओसारख्यांकडे वळायचं, नाही आला तर ई. कोलायच्या कुळाकडे. इथे नायक्रोमची लूप वापरली तर धातूमुळे खोटा रंग येतो. लाकडी काडी वापरावी. त्या कुळात पुढे नळ्यांमधल्या चाचण्या. इंडोलची लाल रिंग आली, पण सिट्रेटच्या नळीतलं माध्यम हिरवंच राहिलं, तर ई. कोलाय. नेहमीच्या क्लेब्सिएला न्यूमोनियीचं उलट: इंडोल नाही, सिट्रेट निळं. प्रोटियस युरिया इतक्या वेगाने फोडतो की नळी काही तासांत गर्द गुलाबी होते. एका चाचणीवरून नाव ठरत नाही, पाच-सहांचा मेळ बसावा लागतो.

टायफॉइडसाठी विडाल केली, मग कल्चर कशाला?

पुण्यात पावसाळ्यात हा प्रश्न दवाखान्यात हमखास येतो. विडाल चाचणी जिवाणू शोधत नाही, रक्तातल्या प्रतिपिंडांचं, म्हणजे जिवाणूविरुद्ध शरीराने बनवलेल्या प्रथिनांचं, प्रमाण पाहते. पूर्वी टायफॉइड होऊन गेलेला असेल, लस घेतलेली असेल, किंवा दुसऱ्याच तापाने प्रतिपिंडं वाढली असतील तरी ती पॉझिटिव्ह येऊ शकते. आजाराच्या पहिल्या आठवड्यात, नेमकी गरज असते तेव्हा, ती बऱ्याचदा निगेटिव्ह असते. एकाच विडालवर टायफॉइडचं निदान करून औषधांचा कोर्स देणं मला चुकीचं वाटतं.

रक्ताचं कल्चर पहिल्याच आठवड्यात सगळ्यांत उपयोगी. बाटली मशीनमध्ये जाते. जिवाणू वाढले की कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि मशीन इशारा देतं, बहुधा एक-दोन दिवसांत. मग मॅकॉन्कीवर बिनरंगी कॉलन्या आणि टीएसआय नावाची तिरपी गोठवलेली नळी. तिचा वरचा उतार लाल, तळ पिवळा, वायूचे बुडबुडे नाहीत आणि मधे काळी बारीक रेघ, असं चित्र दिसलं की साल्मोनेला टायफीची शंका. नळी १८ ते २४ तासांतच वाचायची. लवकर किंवा उशिरा वाचली तर रंग फसवतात. शेवटी विशिष्ट अँटिसीरमच्या, म्हणजे त्याच जिवाणूविरुद्धची प्रतिपिंडं असलेल्या द्रवाच्या, थेंबात कॉलनी कालवायची, दाणे पडले की नाव पक्कं. कल्चरही अचूक नाही, टायफॉइडच्या खऱ्या रुग्णांपैकी बऱ्याच जणांत ते कोरंच येतं. पण आलं तर कोणतं औषध चालेल हेही सांगतं. विडाल ते कधीच सांगू शकत नाही.

मग कॅम्पिलोबॅक्टर इतका अवघड का?

कारण नेहमीच्या प्लेटवर, नेहमीच्या हवेत, ३७ अंशांना तो वाढतच नाही. त्याला ऑक्सिजन पाच टक्क्यांच्या आसपासच सोसतो. त्यासाठी बंद डब्यात वायूचं खास पाकीट ठेवतात. तापमान ४२ अंश, कारण त्याचं मूळ घर पक्ष्यांचं आतडं आणि पक्ष्यांचं अंग आपल्याहून गरम असतं. माध्यम कोळशाचं आणि इतर जिवाणूंना दाबणारी अँटिबायोटिक घातलेलं. एवढं करून ४८ तास तरी थांबायचं. सॅफ्रानिनने तो फिका दिसतो, म्हणून कार्बॉल फुक्सिन वापरतात. मग पंख पसरलेल्या पक्ष्यासारखे बारीक वळसे दिसतात. नमुना उघड्यावर वाळला की तो मरतो, म्हणून वेळ लागणार असेल तर शौचाचा नमुना केरी-ब्लेअर माध्यमातून पाठवतात.

फॉर्मवर नुसतं ‘स्टूल कल्चर’ लिहिलं तर अनेक लॅब साल्मोनेला, शिगेला आणि फार तर कॉलरा एवढंच शोधतात. ‘कॅम्पिलोबॅक्टर’ असं डॉक्टरांनी लिहावं लागतं. आणि जीबीएसमध्ये आणखी एक अडचण: पायातली ताकद जायला लागते ती बहुधा जुलाबानंतर एक ते तीन आठवड्यांनी. तोवर जिवाणू शौचातून गेलेला असू शकतो. म्हणून शेजारच्या रुग्णाचा रिपोर्ट निगेटिव्ह आला याचा अर्थ त्याला तो संसर्ग झालाच नव्हता असा होत नाही.

पीसीआर आहे, मशीन आहे, मग प्लेट कशाला?

पीसीआर जिवाणूचा डीएनए शोधते, काही तासांत. क्षयाच्या जिवाणूला दुप्पट व्हायला १५ ते २० तास लागतात आणि द्रव माध्यमातलं कल्चर निगेटिव्ह म्हणायला सहा आठवडे थांबावं लागतं. तिथे सुमारे दोन तासांत निकाल आणि रिफाम्पिसिन या क्षयाच्या औषधाचा प्रतिकार सांगणारी सीबीनॅट चाचणी फार मोलाची आहे. पण पीसीआर यादीत असलेल्याच जिवाणूंना ओळखते, आणि मेलेल्यांचा डीएनएही दाखवते. माल्डी-टॉफ हे यंत्र कॉलनीतल्या प्रथिनांच्या वजनांवरून मिनिटांत नाव सांगतं, पण त्यालाही बहुधा कॉलनी लागतेच, म्हणजे पहिली रात्र वाचत नाही. ई. कोलाय आणि शिगेला यांत त्याची गल्लत होते. आणि कोणतं औषध चालेल हे अजून मुख्यतः जिवंत जिवाणूवरच तपासावं लागतं.

सेन्सिटिव्हिटीचा तक्ता कसा वाचायचा?

सेन्सिटिव्हिटी म्हणजे कोणतं औषध त्या जिवाणूवर चालतं याची तपासणी. तिच्यासाठी बावर आणि कर्बी यांची १९६६ची पद्धत अजून सर्वत्र चालते. जिवाणूंचा द्रव ठरावीक गढूळपणाला आणतात (मिलिलिटरला सुमारे १५ कोटी पेशी), १५ मिनिटांत तो चार मिलिमीटर जाडीच्या म्युलर-हिंटन अगारवर पसरवतात, औषधाच्या गोल चकत्या ठेवतात आणि १६ ते १८ तासांनी चकतीभोवतीचं मोकळं वर्तुळ मिलिमीटरमध्ये मोजतात. अगार जाड झालं किंवा पेशी जास्त पडल्या तर वर्तुळ लहान येतं आणि चालणारं औषध ‘रेझिस्टंट’, म्हणजे न चालणारं, ठरतं. अगार पातळ झालं तर उलट. म्हणून माहीत असलेला जिवाणू सोबत लावून आकडे ठरलेल्या हद्दीत येतात का ते पाहतात. असे ओळखीचे जिवाणू जपणारे दोन राष्ट्रीय संग्रह पुण्यातच आहेत, एक पाषाणच्या एनसीएलमध्ये (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) आणि दुसरा एनसीसीएसच्या (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र) अखत्यारीत.

ज्याचं वर्तुळ मोठं ते औषध भारी, असा समज सर्रास आहे आणि तो चुकीचा आहे. प्रत्येक औषध जेलीत वेगळ्या वेगाने पसरतं, त्याची हद्दही वेगळी. एकाचं १८ मिलिमीटर चांगलं, दुसऱ्याचं १८ निरुपयोगी असू शकतं. तक्त्यातलं पहिलं ‘एस’ (सेन्सिटिव्ह, म्हणजे चालणारं) उचलून गोळी घेणं तर धोक्याचंच. टायफॉइडचा जिवाणू प्लेटवर जेंटामायसिनला दबतो, पण तो शरीरात पेशींच्या आत लपतो आणि तिथे ते औषध काम करत नाही. म्हणून जाणती लॅब त्या रिपोर्टवर जेंटामायसिन छापतच नाही.

ताप उतरला, आता रिपोर्ट कशाला न्यायचा?

डॉक्टरांनी अंदाजाने सुरू केलेलं व्यापक औषध रिपोर्ट पाहून नेमक्या, साध्या औषधावर आणता येतं, किंवा संसर्गच नसेल तर थांबवता येतं. ‘नो ग्रोथ’ असेल तर तीन गोष्टी तपासायच्या: आधी औषध चालू होतं का, नमुना किती आणि कसा पोचला, आणि लॅबला नेमकं काय शोधायला सांगितलं होतं. लघवीच्या रिपोर्टवर ‘मिक्स्ड ग्रोथ’ म्हणजे तीन किंवा जास्त प्रकारचे जिवाणू. बहुतेक वेळा नमुना नीट धरला गेला नाही, तो पुन्हा द्यावा लागतो.

कागदाचा उपयोग तुमच्यापुरताही राहत नाही. मोठी रुग्णालयं वर्षभरातले असे रिपोर्ट एकत्र करतात, प्रत्येक रुग्णाचा पहिलाच जिवाणू धरतात आणि एका जातीचे निदान ३० नमुने असल्याशिवाय टक्केवारी काढत नाहीत. त्यातून त्या भागातल्या ई. कोलायवर कोणती औषधं अजून चालतात याचा तक्ता बनतो, आणि पुढचा रुग्ण तापाने फणफणत येतो तेव्हा त्याचं कल्चर वाढेपर्यंत पहिला डोस कशाचा द्यायचा हे डॉक्टर त्या तक्त्यावरून ठरवतात.